अभिमनच्या वाटची मूठ

जळगावात आमच्या मेहरूणमध्ये कुणी नवं माणूस भाड्यानं राहायला आलं की चौकातली मंडळी त्याला आधी माझा धाकटा भाऊ दाखवतात. तो बघा, कडुनिंबाखाली बसलाय ना, त्यानं अठ्ठावीस देश पाहिलेत. मग तो नवा माणूस एकदा अभिमनच्या झिजलेल्या चपलांकडे बघतो, एकदा सांगणाऱ्याकडे, आणि हसतो. मला असा संताप येतो म्हणून सांगू! अरे, हसताय काय, खरं आहे ते. अठ्ठावीस देश पाहिलेत त्यानं. आणि धुळ्यातल्या एका घराचा उंबरठा मात्र त्याला आठ वर्षांत ओलांडता आलेला नाही. एसटीनं गेलं तर अडीच तासांवर आहे ते घर.

मी कुंदाबाई, त्याची मधली बहीण. गल्ली मला अक्का म्हणते. अंगणवाडीत एकतीस वर्षं काढली, त्यामुळे हिचा आवाज मोठा आणि तोंड त्याहून मोठं, असं आमचे हे म्हणायचे. आता म्हणायला तेही राहिले नाहीत. आम्ही तिघं भावंडं जुन्या धुळ्यातली. थोरला तोताराम, मग मी, आणि शेंडेफळ अभिमन. वडील झुलाल आचारी. लग्नाची वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी करावी तर झुलालनंच, असं तेव्हा शिरपूरपासून पारोळ्यापर्यंत लोक म्हणत. तोतारामनं वडिलांचा झारा कधी हातात धरला नाही, तो सरकारी कचेरीत शिपाई लागला. झारा अभिमननं धरला.

तो बत्तीसचा असेल, तेव्हा जळगावच्या एका लग्नात कुठल्याशा टूर कंपनीचा मालक जेवायला होता. कंपनीचं नाव मी घेत नाही, माझ्या तोंडून वाईट निघेल. आपली माणसं परदेश बघायला जातात खरी, पण तिसऱ्या दिवशी पाव बघून त्यांना रडू फुटतं. म्हणून कंपन्या बरोबर आपला आचारी नेतात. त्या मालकानं तीन बट्ट्या खाल्ल्या, चौथी रुमालात बांधून घेतली आणि अभिमनला विचारलं, पासपोर्ट आहे का? हा म्हणाला, रेशनकार्ड आहे. चार महिन्यांनी हा पठ्ठ्या विमानात बसला.

काम सोपं नव्हतं. चाळीस माणसांचे पोहे करायचे, दुपारची पोळी-भाजी डब्यात भरायची, की बस निघाली राजवाडे बघायला. आचाऱ्यानं मागे थांबून रात्रीची तयारी करायची. मधे जे तीन-चार तास मिळत त्यात बाकीचे आचारी झोपा काढत. अभिमन हॉटेलचं कार्ड शर्टाच्या खिशात घालून पायी निघायचा. हरवला की कोणालाही कार्ड दाखवायचं. भाषेचा पत्ता नाही, इंग्रजी ‘थँक्यू’च्या पुढे नाही. पण असा हिंडला, असा हिंडला की बसमधून फिरणाऱ्या शेठजींनी तितकं पाहिलं नसेल.

सुटीवर आला की इथे माझ्या ओसरीवर बसून सांगायचा. मी मेथी निवडत बसलेली, हा समोर. त्याचं सगळं बघणं भाकरीपासून सुरू व्हायचं. लंडनला मोठं म्युझियम आहे, तिथे लोक मढी बघायला गर्दी करतात. हा काचेतल्या एका भाकरीसमोर तासभर उभा. मिसर देशातली, कित्येक हजार वर्षांपूर्वीची, मेलेल्या माणसाबरोबर ठेवलेली. कडेला बोटांचे दाब होते म्हणे. अक्का, थापणारीची बोटं होती गं ती, असं त्यानं मला चार वेळा सांगितलं असेल. इस्तंबूलला मोठमोठ्या मशिदी आहेत, आत निळ्या फरशा. त्याही सांगितल्या, पण आधी हे सांगितलं की तिथे एका म्हाताऱ्यानं रस्त्यात पडलेला पावाचा तुकडा उचलला, ओठांना लावला, कपाळाला लावला आणि पायाखाली येऊ नये म्हणून भिंतीच्या कठड्यावर ठेवला. ‘आपल्यासारखेच आहेत,’ म्हणाला. व्हेनिसला दाराच्या पायरीला पाणी लागतं. जपानात एका देवळाबाहेर शेकडो जोडे, सगळ्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला, म्हणजे निघताना पाय सरळ जोड्यात जावा. तेव्हापासून माझ्या घरी आला की माझ्या चपला तो वळवून ठेवायचा.

मी चिडवायची त्याला. अरे, राणीचा महाल बघितलास की नुसत्या पोळ्याच बघून आलास? तो म्हणायचा, महाल सगळेच बघतात. एवढं बोलून चहा प्यायचा. बढाई म्हणाल तर औषधालासुद्धा नाही. लग्नाचं वय विमानात गेलं. दोन ठिकाणी बोलणी झाली, पण सहा-सहा महिने बाहेर असणाऱ्याला मुलगी कोण देणार? आईनं हाय खाल्ली थोडी, मग तिनं ते सोडून दिलं.

आता कानबाईचं सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. आम्हा खान्देशातल्या माणसांची ही देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरी बसते, सोमवारी नदीला जाते. तिचे रोट करतात, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या. पण ते गहू असे पोत्यातून ओतून घ्यायचे नाहीत. घरात जितके पुरुष तितक्या सव्वा-सव्वा मुठी, एकेकाचं नाव घेऊन. त्याच गव्हाचे रोट, आणि ते खायचे फक्त घरच्यांनी, भाऊबंदांनी. दुसऱ्याला द्यायचे नाहीत. लेक लग्न होऊन गेली की तिलाही नाही. पौर्णिमेच्या आत संपवायचे. हात धुतलेलं पाणीसुद्धा इकडेतिकडे सांडायचं नाही, अंगणात खड्डा करून त्यात. एखादा तुकडा उरलाच तर तोही त्याच खड्ड्यात, वर माती. तुम्ही हसाल, पण आमच्याकडे माणूस घरचा आहे की नाही ते या मुठीवरून ठरतं. मतदारयादीत नाव असो नसो.

श्रावणात अभिमन कधी घरी नसायचा. कंपनीचा हंगाम. अकरा वर्षं त्याची मूठ आईनं घेतली आणि त्याच्या वाटचा रोट तोतारामनं खाल्ला. कानबाईच्या आदल्या शुक्रवारी जगात कुठूनही त्याचा फोन यायचा आणि आई फक्त एवढंच सांगायची, ‘तुनी मूठ लिधी रे,’ म्हणजे तुझी मूठ घेतली. झालं. फोन बंद. एकदा मी म्हटलं, अरे, एवढ्या लांबून फोन करतोस तर जरा नीट बोलत तरी जा तिच्याशी. तर म्हणाला, ‘अक्का, मी कुठंही हिंडू शकतो कारण धुळ्यात माझी मूठ पडते. ती पडली की मी घरीच आहे.’ मला तेव्हा ते नुसतं गोड बोलणं वाटलं होतं. ते त्याचं सगळं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

बाराव्या वर्षी त्याची टूर दोन दिवस पुढे ढकलली गेली आणि तो कानबाईला घरी सापडला. मी सासरची कानबाई आमच्या मोठ्या दिरांकडे अमळनेरला करून सोमवारी दुपारी धुळ्याला पोचले, तर आईचं तेज काय वर्णावं. आमची आई भागाबाई नव्हे, नवरी दिसत होती. चार मुठी होत्या त्या वर्षी: वडील वारले होते तरी त्यांच्या नावाची आई अजून घेत होती, कुणी बोललं तर ऐकायची नाही; तोतारामची, तोतारामचा एकुलता एक मुलगा विक्रम, त्याची, आणि अभिमनची. ‘पोऱ्या घर शे, आते काय कमी शे माले,’ असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. अभिमननं बारा वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या वाटचा रोट स्वतः खाल्ला. दोन पोळ्या उरल्या. पौर्णिमेला अजून सहा दिवस होते आणि त्याला मंगळवारी निघायचं होतं, न्यूझीलंडला.

आई म्हणाली, तोताराम खाईल. तोतारामही म्हणाला, मी खाईन, बाहेर नको न्यायला. आणि मी, जिला त्या रोटातला कणही चालत नाही ती मी, मधे तोंड घातलं. म्हटलं, बारा वर्षांनी त्याच्या हाताला लागला आहे, द्या बांधून, त्याच्या पोटात गेला म्हणजे झालं. आईनं माझ्याकडे पाहिलं, अभिमनकडे पाहिलं. मग निळ्या पत्र्याच्या डब्यात फडक्यात गुंडाळून दोन्ही रोट ठेवले. जिभेला हाड नसतं म्हणतात ते माझ्यासाठीच. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

परदेशात विमानतळावर एक फॉर्म भरतात, बरोबर खाण्याचं काय काय आहे ते लिहायचं. न्यूझीलंडला तर फारच कडक. अभिमन हे फॉर्म भरण्यात इतका चोख की कंपनी नव्या आचाऱ्यांना त्याच्याकडून शिकवायची. मसाले, डाळी, पापड, लोणचं, मेतकूट, तेवीस जिन्नस त्यानं ओळीनं लिहिले होते. रोट लिहिला नाही. लपवला नाही हो! त्याच्या मनातच आलं नाही. मी त्याला नंतर झापलं, अरे गाढवा, तेवीस लिहिलेस, चोविसावा लिहायला काय झालं होतं? तो म्हणाला, ‘पण अक्का, त्यांनी खायच्या वस्तू विचारल्या होत्या. रोट काय खायची वस्तू आहे?’ मलासुद्धा तेव्हा वाटलं की बरोबर आहे त्याचं.

तिथे एक लहानसं कुत्रं वास घेत फिरतं. ते त्याच्या पिशवीपाशी येऊन बसलं. हातमोजे घातलेली एक पोरगी आली, तिनं डबा उघडला, फडकं सोडलं, रोट मोडून आत काही आहे का ते पाहिलं. अभिमननं हात जोडले. टूर मॅनेजर म्हणून पुण्याचा एक पोरगा बरोबर होता, त्याला हा म्हणाला, तिला सांग, मी इथंच उभ्या उभ्या खातो, एक मिनिट लागेल. नाही म्हणाली. मग म्हणाला, तिला सांग, मला बाहेर मातीत एवढासा खड्डा करू दे. त्या पोरानं हे इंग्रजीत सांगितलंच नाही. त्याला लाज वाटली. त्याला कानबाई काय माहीत, त्यालाही मी दोष देत नाही. पोरीनं सॉरी म्हटलं आणि दोन्ही रोट, फडक्यासकट, पिवळ्या पिशवीच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. डबा परत दिला. अभिमन त्या कचऱ्यापुढे तसाच उभा राहिला, हालेना. शेवटी दोन शिपायांनी दंडाला धरून त्याला एका खोलीत नेलं, चार तास बसवलं. चाळीस माणसांचं त्या दिवशीचं जेवण राहिलं. त्यांनी तक्रारी केल्या. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा, पैसे भरून आलेली माणसं. परत आल्यावर कंपनीनं याला पुन्हा बोलावलं नाही.

मुंबईहून तो आधी माझ्याकडे आला. सगळं ऐकल्यावर मी त्याला शपथ घातली. म्हटलं, घरी एक अक्षर बोलायचं नाही. खाल्ला म्हणून सांग. कोण बघायला आलं होतं? तो हो म्हणाला. आणि धुळ्यात पाय ठेवल्या ठेवल्या आईनं विचारलं, रोट गोड लागला का रे, तर यानं बसल्या जागी सगळं सांगून टाकलं. आईशी त्याला खोटं बोलताच यायचं नाही. लहानपणी गूळ चोरायचा आणि स्वतःच जाऊन सांगायचा. तोताराम उठून बाहेर गेला. इतकंच झालं त्या दिवशी, आणि मला वाटलं, निभावलं.

मार्गशीर्षात विक्रम गेला. शिरपूरला शिकायला होता, मोटारसायकलवरून धुळ्याला येत होता, हायवेवर ट्रकनं मागून धडक दिली. एकवीस वर्षांचा. त्याबद्दल मी जास्त सांगणार नाही, माझ्याच्यानं होत नाही. दहाव्याच्या दिवशी पांझरेच्या काठावर, सगळे भाऊबंद उभे असताना, अभिमन पिंडाला नमस्कार करायला पुढे झाला आणि तोतारामनं त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला थांबवलं. ओरडला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाला, ‘यानी मनी कानबाई कचरामा टाकी, नि मना पोऱ्या गया.’

मला माहीत आहे, तुम्ही शिकलेली माणसं. ट्रकचा ड्रायव्हर झोपेत होता, पोलिसांनी लिहिलंय. मीही अंगणवाडीतल्या बायांना एकतीस वर्षं सांगत आले, अंगारे-धुपारे करू नका, पोराला दवाखान्यात न्या. पण एकुलता एक पोरगा गेलेल्या बापाला सांगायची हिंमत आहे का कोणाची? माझी नव्हती. आणि मी जर तोंड उघडलं असतं तर ते हे सांगायला उघडावं लागलं असतं की रोट बांधून द्या असं मी म्हटलं होतं. ते तोताराम विसरला होता की त्यानं मला माफ करून सोडलं होतं, मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी गप्प राहिले. जन्मात कधी गप्प बसले नाही, ती नेमकी तिथे बसले. माझी मलाच किळस येते.

पुढच्या श्रावणात आदल्या शुक्रवारी मी मुद्दाम धुळ्याला गेले. आई सूप घेऊन बसली होती. वडिलांचं नाव घेऊन तिनं मूठ घेतली. तोतारामचं नाव घेऊन घेतली. विक्रमचं नाव तोंडात आलं आणि थांबली, वहिनी हेमलता आत निघून गेली. मग आईनं अभिमनचं नाव घेतलं, गव्हात हात घातला, मूठ भरली. तोतारामनं येऊन तिचं मनगट धरलं. ‘त्यानी मूठ नही लेवानी, माय.’ आई पंच्याऐंशीची होती आणि याच लेकाच्या घरात तिला शेवटचे दिवस काढायचे होते. तिनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग बोटं उघडली. गहू पोत्यात परत पडले. संध्याकाळी अभिमनचा फोन आला, मेहरूणहून, माझ्याच घरून; दहाव्यापासून तो तिथेच होता. आईनं घेतला नाही. मी घेतला आणि म्हटलं, आई झोपली आहे. तो समजला, एवढा दूधखुळा तो नव्हता.

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी आई गेली. तेव्हा कोणालाच जाता आलं नाही, म्हणून त्यालाही आलं नाही, एवढीच काय ती त्याची लाज राखली गेली. टूरच्या कंपन्याही बसल्या होत्या. तो माझ्या घरामागच्या खोलीत कायमचाच राहिला. हिवाळ्यात लोकांच्या शेतात भरीत पार्ट्या होतात, तिथे भरीत करायला जायचा. मग हाताला कंप सुटला, वांगं भाजताना काटकी हातात राहीना, तेही सुटलं. त्याला मी दोन्ही वेळ करून घालते. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, पिठलं, सणाला पुरणपोळी, त्याला आवडते ती दाळगंडोरी. सगळं चालतं. फक्त श्रावणात तो एक घास मी देऊ शकत नाही. माझ्या घरचा रोट माझ्या नवऱ्याच्या भाऊबंदांचा, तो याला चालत नाही. याच्या घरचा मला चालत नाही. एकदा रागाच्या भरात मी म्हटलंच, कोण बघतंय, घे इथला, मी करून देते. तो म्हणाला, ‘अक्का, तो रोट नाही, नुसती पोळी होईल.’ मग देश-गावं सांगणंही कमी झालं. गल्लीतली पोरंटोरं विचारायची, काका, पॅरिसचा टॉवर केवढा होता? उंच होता, एवढंच सांगायचा.

गेल्या श्रावणात मला कळलं की तोतारामला साखरेचा आजार वाढलाय, जेवण तुटलंय, आणि भाऊबंदांतली वनाकाकांची मंडळी नाशिकला गेल्यापासून रोट खायला घरात त्या दोघा नवरा-बायकोशिवाय कोणी उरलं नाही. वडिलांच्या नावाची मूठ अजून चालू होती, आणि एक तोतारामची. दोन मुठींचे रोट आणि खाणारा आजारी. माझ्या मनात आलं, आता तरी. देवीचा रोट वाया जाण्यापेक्षा भावाच्या तोंडात जाईल, एवढं तर दगडालाही कळेल. मी अभिमनला म्हटलं, चल. तो नको म्हणाला. मी म्हटलं, तू स्टँडवर बस, मी घरी जाऊन विचारते, भाऊ हो म्हणाला तर तुला न्यायला येते. त्यानं धुतलेला शर्ट घातला. तो निळा डबा काढला, पुसला, पिशवीत ठेवला. मी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

गुरुवार होता, पौर्णिमेला चार दिवस. एरंडोल गेलं, पारोळा आलं. पारोळ्याचा किल्ला दिसला तसा तो आपणहून बोलू लागला, किती दिवसांनी! म्हणाला, प्रागला असाच किल्ला आहे, पण लोक तो रोज झाडतात. आपला कोणी झाडत नाही. मग म्हणाला, भाऊला एकदा तरी इस्तंबूल दाखवायला पाहिजे होतं. मला वाटलं, होईल. आज होईल. सत्तरीला आलेली बाई मी, आणि पोरीसारखी आशा लावून बसले होते.

स्टँडवरच्या बाकावर त्याला बसवून मी रिक्षा केली. घरी गेले तर हेमलता दारात, डोळे खाली. मागच्या अंगणात तोताराम उकिडवा बसला होता, हातात खुरपं. खड्डा झाला होता. शेजारी ताटात दीड रोट. धाप लागली होती त्याला, शर्ट पाठीला चिकटलेला. मी धावत जाऊन ताट उचललं. म्हटलं, भाऊ, अभिमन स्टँडवर बसलाय. तो तुझा सख्खा भाऊ आहे. चार दिवस आहेत अजून. आणि बांधून दे म्हणणारी मी होते, आठव, मी होते, मला काय ती शिक्षा दे. सात वर्षं गिळून ठेवलेलं मी त्या खड्ड्याच्या काठावर बोलले.

त्यानं मान वर केली. ‘माले माहीत शे,’ म्हणाला. म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून आठवत होतं. मग त्यानं माझ्या हातातून ताट घेतलं, जोरानं नाही, सहज घेतलं, माझाच जोर संपला होता. ‘खड्डाले देसू, त्याले नही.’ दीड रोट त्यानं खाली ठेवला आणि माती ओढली. मी गुडघ्यावर बसून माती बाजूला करायला हात घातला आणि तसाच मागे घेतला, कारण मला शिवायचा अधिकार नव्हता. तिथेसुद्धा मला रीत आठवली बघा. तोताराम माती दाबत होता आणि रडत होता. मला त्याची दया आली नाही. आता येते कधी कधी.

स्टँडवर परत येईपर्यंत मी काय सांगायचं ते जुळवत होते. अभिमन बाकावर तसाच बसला होता, डबा मांडीवर, झाकण काढलेलं. मी जवळ जाऊन म्हटलं, रोट संपला होता रे. भाऊनं सगळा संपवला, मी पोचायच्या आधीच. आपल्याला उशीर झाला.

माझ्या लुगड्याला गुडघ्यापाशी ओली माती लागली होती, माझं लक्षच नव्हतं. त्यानं वाकून ती हातानं झटकली, दोनदा, नीट जाईपर्यंत. मग डब्याला झाकण लावलं.

‘भाऊनी भूक आजून चांगली शे,’ म्हणाला. ‘बरं शे.’

जळगावची बस लागली होती. पारोळ्याला त्यानं खिडकीबाहेर पाहिलं नाही. यंदा नागपंचमी जवळ आली आहे, पण कानबाईचा रविवार कोणता, हे दर वर्षी विचारणाऱ्या अभिमननं मला अजून विचारलेलं नाही. निळ्या डब्यात मी आता मीठ भरून ठेवते.